फिजिओथेरपी आणि मेडिक्लेम: नागपूरकरांनो, या चुका टाळा

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की घरचे जवळचा फिजिओ शोधतात आणि फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्याकडे मेडिक्लेम चालतो का?" गडबड इथूनच सुरू होते. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीनेच थेट भरण्याचा, करार विमा कंपन्या मुख्यतः हॉस्पिटलांशी करतात. गल्लीतलं क्लिनिक त्या यादीत क्वचितच असतं. "हो, चालतो" याचा अर्थ बहुतेकदा इतकाच, की ते बिल देतील. पैसे आधी तुम्हीच भरायचे, क्लेम मागाहून.

पॉलिसी न वाचता सेशन सुरू करणं
कंबरदुखी, फ्रोझन शोल्डर वगैरेंसाठी भरती न होता घेतलेले उपचार ओपीडीत मोडतात. ओपीडी कव्हर नसेल तर बहुतेक पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. भरती झाली असेल तर 'पोस्ट हॉस्पिटलायझेशन' खर्चात फिजिओथेरपी बसू शकते. मुदत साधारण ६० किंवा ९० दिवस, आणि ती डिस्चार्जच्या तारखेपासून मोजतात. "दुखणं कमी होऊ दे, मग बघू" म्हणत बसलं, तर मुदतही सरते आणि गुडघाही आखडतो. मला दुसऱ्या नुकसानीची जास्त काळजी वाटते.

कच्च्या चिठ्ठीवर भागवणं
'फिजिओ, १० सेशन' एवढंच लिहिलेलं बिल बहुधा परत येतं. रुग्णाचं पूर्ण नाव, प्रत्येक सेशनची तारीख, दर, बिल नंबर, सही-शिक्का आणि फिजिओचा नोंदणी क्रमांक, सगळं हवं. सर्जनकडून फिजिओथेरपीचा सल्ला डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या, शक्यतो किती आठवडे तेही. फिजिओ घरी येणार असेल तर तो खर्च मिळेल का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवरच्या "हो"ला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही.

नोंदणी न बघणं
बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आहे, त्यात इंटर्नशिपही असते आणि महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच कशाला? पहिल्या दिवशी गुडघा किती वाकतो हे न मोजता नुसतं मशीन लावून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

धंतोली-रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागातलाच नावाजलेला फिजिओ हवा, हा हट्टही सोडा. मनीषनगरहून मे महिन्याच्या उन्हात रोज कोण जाणार? चार दिवसांत सेशन बुडू लागतात.

सीजीएचएसवाल्यांनी (केंद्र सरकारची आरोग्य योजना) आपल्या वेलनेस सेंटरमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, ताजी पॅनेल यादी आणि मंजुरीची पद्धत आधी विचारावी. विमाच नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांचा फिजिओथेरपी विभाग आहे.

क्लेम नाकारलाच, तर कारण पॉलिसीच्या कलमासकट लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.