सब्जा, नुकरा, कुमैत: घोड्याचा रंग कसा ओळखावा आणि वयानुसार तो कसा बदलतो

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा बहुतेक घोड्यांच्या अंगावर थंडीचे लांब, दाट केस असतात. रंग ठरवायला हा फसवा हंगाम. उन्हात राहिलेल्या काळ्या घोड्याच्या केसांची टोकं तपकिरी पडलेली असतात, आणि उन्हाळ्यात तजेलदार दिसणारा कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळ-शेपटीचा घोडा) थंडीत काळपट वाटतो. म्हणून अंगाच्या केसांवरून निकाल देऊ नका. आधी कातडी पाहा, मग आयाळ आणि शेपूट, मग गुडघ्याखालचे पाय, आणि अंग सगळ्यात शेवटी.

घोडा सावलीतून काढून मोकळ्या उजेडात, कडक जमिनीवर उभा करा. गवतात खुरं आणि खुरांवरची पांढरी कड दिसत नाही. पाय चिखलाचे असतील तर धुऊन घ्या. नाकपुड्यांभोवतीची, डोळ्यांच्या कडांची आणि शेपटीखालची कातडी काळी की गुलाबी, ते पाहा. पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याचा प्रश्न इथेच सुटतो. नुकरा जन्मापासून पांढरा आणि गुलाबी कातडीचा असतो. सब्जा मात्र रंगीत जन्मतो, वर्षागणिक पांढरा होत जातो आणि जन्मजात पांढऱ्या खुणांची जागा सोडली तर त्याची कातडी सहसा काळीच राहते.

आता उरलेले रंग. तांबूस अंग, पण आयाळ, शेपूट आणि पायांची खालची बाजू काळी, तो कुमैत. अंगासारखीच किंवा त्याहून फिकट आयाळ-शेपूट आणि कुठेही काळे केस नाहीत, तो तांबडा, म्हणजे सुरंग. काळा आणि गडद कुमैत यांत गोंधळ होतो. तेव्हा तोंडाभोवती, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे तपकिरी झाक असेल तर तो बहुधा कुमैतच. रंगीत अंगावर पांढरे मोठे पट्टे असतील तर अबलख. ज्याच्या अंगात पांढरे केस सारखे मिसळलेले असतात, पण डोकं आणि पाय गडद राहतात, त्याला सब्जा समजू नका. तो दरवर्षी पांढरा होत जात नाही, फक्त ऋतूप्रमाणे गडद-फिका दिसतो.

रंगावरून सर्वांत जास्त फसगत होते ती शिंगरांच्या बाबतीत. जन्मतःचे केस साधारण तीन-चार महिन्यांत गळू लागतात. सुरुवात डोळ्यांभोवती आणि तोंडापासून होते. तोवर दिसणारा रंग कायमचा नसतो. कुमैताच्या शिंगराचे पाय जन्मतः फिकट, मळकट पिवळसर असतात; काळे केस नंतर येतात. पुढे काळंच राहणारं शिंगरू बरेचदा राखाडी, उंदरासारख्या रंगाचं जन्मतं. उलट जन्मतःच कोळशासारखं काळं कुळकुळीत शिंगरू दिसलं, तर आनंदाआधी त्याच्या डोळ्यांभोवती पाहा. सब्जा होणारी शिंगरं जन्मतः असाच गडद, मोठ्या घोड्यासारखा रंग घेऊन येतात, आणि पापण्यांभोवती चष्म्यासारखं पांढऱ्या केसांचं कडं सगळ्यात आधी उमटतं. फाल्गुन-चैत्रात जन्मलेलं शिंगरू मार्गशीर्षातल्या बाजारात सात ते नऊ महिन्यांचं असतं. तोवर हे कडं बहुधा दिसू लागलेलं असतं. काळ्या रंगासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर आई-बाप दाखवायला सांगा. दोघांपैकी एकही सब्जा नसेल तर शिंगरू सब्जा होत नाही. एक सब्जा असेल आणि त्याच्याकडे हा गुण एका पालकाकडूनच आलेला असेल, तर शक्यता निम्मी. असंच दुसरं पक्कं गणित: दोन्ही पालक तांबडे असतील तर शिंगरूही तांबडंच, कुमैत किंवा काळं होणार नाही. दोन कुमैतांच्या पोटी मात्र तांबडं शिंगरू येऊ शकतं; त्यात घोडीवर संशय घेण्याचं काहीच कारण नाही.

सब्जाचा प्रवास साधारण असा असतो: पहिल्या काही वर्षांत पोलादी किंवा गुलाबी झाक, चार ते सहाच्या सुमारास अंगावर गोलसर ठिपक्यांची नक्षी, आणि बऱ्याच घोड्यांत आठ-दहा वर्षांपर्यंत पांढरेपण पूर्ण. काही फारच सावकाश बदलतात आणि म्हातारपणीही ठिपकेदार राहतात. काहींच्या पांढऱ्या अंगावर पुढे बारीक तपकिरी-लाल शिंतोडे येतात. तो आजार नाही. म्हणून सब्जाचे दात न पाहता नुसत्या रंगावरून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कुमैत किंवा तांबड्या घोड्याच्या कपाळावर, डोळ्यांवर म्हातारपणी पांढरे केस येतात, त्याचाही सब्जा होण्याशी संबंध नाही.

पांढऱ्या खुणांची नोंद लिहिताना घोडा समोरून, डावीकडून आणि उजवीकडून पाहा. कपाळावरचा टिळा आकारासह लिहा. तो नाकापर्यंत उतरणारा पट्टा असेल तर कुठे सुरू होतो, कुठे वळतो, ओठापर्यंत पोचतो का, हेही. प्रत्येक पायाचं पांढरं नेमकं किती उंच आहे ते वेगळं लिहा: फक्त खुराची कड, घोट्याच्या सांध्यापर्यंत, नळीच्या मध्यापर्यंत, की गुडघ्यापर्यंत. ‘पाय पांढरे’ एवढ्या नोंदीचा ओळख पटवायला उपयोग शून्य. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला भाव जास्त मिळतो, त्यामुळे केस रंग उडवून पांढरे केलेले नाहीत ना, हे तपासा. केस पाण्याने भिजवून बाजूला करा. मोठ्या जन्मजात खुणेखालची कातडी गुलाबी असते, फार तर कडेला काळी. संपूर्ण खुणेखाली काळी कातडी दिसली तर थांबा. याच युक्तीने पांढऱ्या झालेल्या सब्जाच्या जुन्या खुणाही सापडतात: तोंड भिजवलं की टिळ्याची गुलाबी कातडी उठून दिसते. काळा रंग लावल्याचा संशय असेल तर केसांची मुळं, पापण्या आणि कानाच्या आतले केस पाहा. तिथे रंग क्वचितच पोचतो.

पाठीवर किंवा खांद्याच्या उंचवट्यावर पांढरे ठिपके असतील तर ते बहुतेक वेळा खोगीर लागून झालेल्या जखमेचे असतात. केसांच्या मुळांतल्या रंगपेशी मेल्या की तिथे पुढे पांढरेच केस येतात. ही खूण जन्माची नाही, पण खोगीर नीट बसत नव्हतं हे ती सांगते. केसांचे भोवरेही नोंदवा, कारण त्यांची जागा आयुष्यभर बदलत नाही आणि एकरंगी घोड्याची ओळख त्यांच्यावरूनच पक्की होते. देवमण (गळ्यावरचा भोवरा) शुभ, अमका भोवरा अशुभ, यावर किंमत ठरते हे खरं; पण घोड्याच्या चालीवर, पायांवर किंवा स्वभावावर भोवऱ्याचा परिणाम होत नाही. पांढऱ्या खुराचंही तसंच. रंगापेक्षा चिरा, आकार आणि नाल कशी बसली आहे ते पाहा.

रंगाप्रमाणे काळजीही बदलते. गुलाबी कातडीच्या नुकऱ्याला आणि रुंद पट्टा असलेल्या घोड्यांना नाकावर ऊन भाजतं. दुपारी सावली द्या आणि नाकावर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. सब्जा पंधरा वर्षांपुढे गेला की त्वचेच्या काळ्या गाठींचा धोका फार वाढतो. या वयाच्या बहुसंख्य सब्जांना त्या होतात. दर महिन्याला शेपूट उचलून गुदद्वाराभोवती, ओठांवर, जबड्यामागे आणि नराच्या इंद्रियाच्या आवरणावर हात फिरवून पाहा. वाटाण्याएवढी गाठ सापडली तरी तिचा आकार तारखेसह लिहून ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा. लहान असताना ती काढणं सोपं असतं, शेपटीखाली पसरल्यावर लीद टाकणंही अवघड होतं.