बाल्कन देशांतून गाडीने फिरताना क्रम आधी ठरवा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्बिया, कोसोव्हो, उत्तर मॅसिडोनिया आणि अल्बानिया हे छोटे देश भाड्याच्या मोटारीने पाहायचे असतील, तर हॉटेलांपेक्षा आधी देशांचा क्रम ठरवावा. कोसोव्होने 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, तरी सर्बिया ते मानत नाही; कोसोव्होला तो आपलाच भाग समजतो आणि इतर देशांतून तेथे शिरणे बेकायदा प्रवेश धरतो. त्यामुळे अल्बानिया किंवा उत्तर मॅसिडोनियातून कोसोव्होत शिरून पुढे थेट सर्बियात जाऊ पाहणाऱ्या प्रवाशाला सीमेवरून परत पाठवले जाऊ शकते. म्हणून सर्बिया आधी, कोसोव्हो नंतर. भारतानेही कोसोव्होला मान्यता दिलेली नसल्याने तेथे आपला दूतावास नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मोटार कोणकोणत्या देशांत नेणार, हे आरक्षणाच्या वेळीच सांगून भाडे कंपनीची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड विमा (मोटार परदेशात नेताना तिथेही चालणाऱ्या विम्याचा पुरावा) घ्यावा. कोसोव्होत ते कार्ड चालत नाही, तेथे वेगळा विमा काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पुण्याच्या आरटीओतून निघण्यापूर्वीच काढावा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. अल्बानियाची राजधानी तिराना ते उत्तर मॅसिडोनियातले ओह्रिड हे अंतर जेमतेम पुणे-महाबळेश्वर एवढे दिसते खरे, पण घाटरस्ता आणि सीमेवरची रांग धरून त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.