शिट्टीआधी साथीदाराचा पाय बघा

फुटबॉलमध्ये रेफ्रीचं काम नव्याने शिकणाऱ्यांची नजर गोलकीपरच्या हातांवर खिळलेली असते. माझीही तशीच होती. पहिल्याच हंगामात एका डिफेंडरने घसरत जाऊन टॅकल केला, चेंडू त्याच्या बुटाला लागून मागे गेला, कीपरने तो उचलला आणि मी शिट्टी फुंकली. गोलसमोर इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय जिच्यावर गोल धरत नाहीत ती, आणि त्यावर गोल. कीपर काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. निर्णय साफ चुकला होता. त्याची खंत आजही आहे.

बॅकपासचा, म्हणजे साथीदाराने मागे दिलेला चेंडू कीपरने हातात न घेण्याचा, नियम 1992 सालचा. तो लागू व्हायला साथीदाराने चेंडू मुद्दाम, पायाने, कीपरसाठी मारलेला असला पाहिजे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर खेळ चालू द्या. म्हणून आता मी आधी डिफेंडरचं पाऊल बघतो. चेंडू मारायला पाय मागे घेतला होता, की नुसता आडवा घातला? पाय म्हणजे पाऊल आणि घोटा. गुडघा, छाती, डोकं चालतं. मात्र चेंडू पायाने मुद्दाम उडवून डोक्याने मागे देण्याची युक्ती केली, तर ती करणाऱ्याला पिवळं कार्ड. साथीदाराचा थ्रो-इनही कीपरला थेट हातात घेता येत नाही.

कीपरने स्वतःच्या पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या मोठ्या चौकटीत, असा चेंडू हाताळला तर पेनल्टी कधीच नाही, इनडायरेक्टच. रेषेवर मात्र कीपरचे पाय नव्हे, चेंडू कुठे आहे ते बघा. रेषा एरियातच धरतात.

2025 पासून कीपरला चेंडू हातात आठ सेकंद ठेवता येतो, नाहीतर समोरच्यांना कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजायची. याआधीचा सहा सेकंदांचा नियम फारसा कुणी लावतच नसे. हा बदल मला मनापासून पटतो. पण घाई नको. कीपर चेंडूवर पडलाय आणि फॉरवर्ड अंगाशी उभा आहे, तोवर मोजायला लागू नका.

आणि एक. कीपरने तळहाताने चेंडू जमिनीवर दाबून धरला की तो त्याच्या ताब्यात आला, मग एकच हात का असेना. त्या क्षणी धावत येणाऱ्या फॉरवर्डचा बूट बोटांपासून वीतभर लांब असतो. तिथे तुम्ही जवळ असायला हवं.