छुनह्यांगच्या नामवनमध्ये एक दिवस

सोलच्या योंगसान स्टेशनवरून योसूकडे जाणारीच वेगवान गाडी घ्या. साधारण दोन तासांत दक्षिण कोरियातलं नामवन हे गाव येतं. होनाम मार्गाच्या मोकपोच्या गाडीत बसलात, तर नामवन लागणारच नाही. स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणून तिथून टॅक्सी किंवा बस करून थेट क्वांगहल्लू बाग गाठा.

छुनह्यांगची प्रेमकथा आधी वाचून जा, नाहीतर बाग म्हणजे नुसतं तळं आणि लाकडी मंडप वाटेल. नर्तकीची मुलगी छुनह्यांग आणि दंडाधिकाऱ्याचा मुलगा मोंगन्योंग यांची भेट इथली. तो या मंडपातून पाहत होता, ती दानोच्या सणाला झोका घेत होती. आधी मंडप बघा. 1419 सालचा मूळ मंडप 1597 च्या जपानी स्वारीत जळला. आता समोर दिसतो तो 17व्या शतकातला. मग चार कमानींचा दगडी ओजाकग्यो पूल ओलांडा. इथे बरेच जण फसतात: पुलाचं नाव गुराखी आणि विणकर मुलीच्या वेगळ्या दंतकथेतून आलंय, छुनह्यांगच्या नाही. तिच्या आईचं, वोल्मेचं, घर आणि 1931 मधलं छुनह्यांगचं देऊळही याच आवारात आहे.

छुनह्यांगचा महोत्सव वसंतात, बहुधा मे महिन्यात. तारखा दरवर्षी बदलतात, त्या पाहूनच तिकीट काढा. पान्सोरी, म्हणजे ढोलाच्या साथीनं एकट्यानं गायलेली कथा, ऐकायची तर निवडक प्रसंगांचा कार्यक्रम गाठा, कारण अख्खी छुनह्यांग-गाथा गायला पाच तासांहून जास्त लागतात.

जेवायला बागेजवळच छुओथांग, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांचं दाट सूप. वरची झणझणीत पूड आपल्या तिरफळाच्याच कुळातली, जीभ बधिर करते. चिमूटभरच घाला.