धडधाकट तरुणातील गंभीर न्यूमोनिया ओळखताना आणि उपचार करताना

तालमीत घाम गाळणारा किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करणारा पंचविशीतला तरुण ताप, खोकला आणि श्वासागणिक छातीत उठणारी कळ घेऊन दवाखान्यात स्वतः चालत आला, तरी त्याच्या अंगापिंडावरून आजार सौम्य ठरवू नये. तरुण शरीर रक्तदाब बराच काळ टिकवून धरते आणि नंतर काही तासांत कोसळते. त्याआधी बहुधा श्वासाचा वेग वाढलेला असतो. म्हणून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली, बरळणे, वरचा रक्तदाब ९० खाली, यांपैकी एक जरी आढळले तरी रुग्णाला दाखल करावे. न्यूमोनियाची गंभीरता गुणांनी ठरवणाऱ्या कर्ब-६५ मापनात ऑक्सिजन धरलेला नाही आणि वयाचा गुण ६५ वर्षांपासूनच मिळतो, त्यामुळे कमी गुणांवर विसंबून तरुणाला घरी पाठवणे मला धोक्याचे वाटते. पांढऱ्या पेशी ४,००० खाली उतरणे हेही गंभीरतेचेच लक्षण आहे.

एक्स-रे, रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) आणि थुंकीची क्षयासह तपासणी करावी, परंतु अहवालांसाठी औषध थांबवू नये. गगनबावडा किंवा चंदगडहून रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवायचा असेल, तर ॲलर्जी विचारून, शक्य असल्यास कल्चरचा नमुना घेऊन, सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम शिरेतून आणि ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम असा पहिला डोस तिथेच द्यावा व ऑक्सिजन लावूनच गाडीत घ्यावे. लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सरसकट वापरू नये, कारण त्याने क्षय तात्पुरता दबतो आणि निदान लांबते.

फ्लूमधून सावरत असताना अचानक बिघडलेला, थुंकीतून रक्त पडणारा, एक्स-रेत पोकळ्या दिसणारा रुग्ण असेल, तर स्टॅफिलोकोकस या जंतूचा संशय घ्यावा. अंगावर गळवे आहेत का, हे मल्लांच्या बाबतीत आवर्जून पाहावे, कारण कुस्तीतील अंगसंपर्कातून हा जंतू पसरतो. अशा वेळी व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड जोडावे. लिनेझोलिडने जंतूंचे विष तयार होणेही घटते. फ्लूची साथ असेल, तर अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिव्हिर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करावे.

सलाईन देऊनही रक्तदाब सावरत नसेल, तर अतिदक्षता विभागात रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रिनलिन लागते. गंभीर रुग्णांत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिवसाला २०० मिलिग्रॅम उपयोगी ठरते, मात्र फ्लूमध्ये ते टाळावे.

४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर लगेच प्रतिजैविक बदलण्याऐवजी आधी छातीची सोनोग्राफी करावी. फुप्फुसाच्या आवरणात पू साचला असेल, तर तो नळी घालून काढावाच लागतो.