फॉरमॅट मारण्याआधी: लाइट गेल्यावर न उठणारं विंडोज कसं सावरावं

परभणी-हिंगोलीकडच्या ई-सेवा केंद्रात पीक विम्याचे अर्ज भरायची घाई चालू असते, तेवढ्यात लाइट जाते. परत आली तरी डेस्कटॉप उठत नाही. मग कुणीतरी सांगतं, फॉरमॅट मारा. बऱ्याचदा तेवढं करायची गरज नसते, पण मशीन धड असतानाच थोडी तयारी केलेली हवी. हे सगळं विंडोज 10 आणि 11 साठी.

सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या चालू स्थितीत परत नेणारी सोय, अनेक मशीनवर बंदच असतं. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा, ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा आणि 5 ते 10 टक्के जागा द्या. लगेच ‘क्रिएट’ दाबून पहिला पॉइंट करून ठेवा. पुढे नवा प्रिंटर किंवा बायोमेट्रिकचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्राम) टाकायच्या आधी आणखी एक करा. जागा भरली की जुने पॉइंट आपोआप पुसले जातात. आणि यात तुमच्या फाइली राहत नाहीत. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवरच घ्यायची.

किमान 16 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवा, म्हणजे अडलेलं मशीन त्यावरून सुरू करता येतं. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर दुरुस्ती पहिल्याच पडद्यावर अडते.

मशीन अडलंच, तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, सगळं काढा. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता पडलं की दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा स्वतःच येतो. लॉगिनपर्यंत पोहोचत असाल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. काहीच आलं नाही, तर रिकव्हरी ड्राइव्हवरून बूट करा. मग ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’.

क्रम सोडू नका. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. त्यानंतर सिस्टम रिस्टोअर. यात त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात, कागदपत्रं तशीच राहतात. मध्येच ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून 4 दाबून सेफ मोड पाहा, त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींवर सुरू होतं. तिथे मशीन नीट चाललं तर संशय ड्रायव्हरवर किंवा आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर घ्यावा. ‘रीसेट’ अगदी शेवटी, तेही ‘कीप माय फाइल्स’ निवडून. प्रोग्राम मात्र सगळे पुन्हा टाकावे लागतील. डिस्क टकटक वाजत असेल तर यातलं काहीच करू नका, आधी डेटा काढून घ्या.

लाइट गेल्याने नुकसान नेमकं कुठे होतं? एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, फाइलींच्या मांडणीची नोंद आधी लिहून ठेवते, म्हणून ड्राइव्हचा ढाचा सहसा वाचतो. फाइलमधला अर्धवट लिहिलेला मजकूर वाचेलच असं नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर धोका सर्वांत मोठा. म्हणून अपडेट आणि रिस्टोअर दोन्ही लोडशेडिंगची वेळ बघूनच सुरू करा.

यूपीएसवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि राउटर ठेवा. लेझर प्रिंटर तापताना एकदम जास्त वीज ओढतो, आणि छोटा यूपीएस त्यानेच बंद पडतो.