पुरासाठी घरातली पिशवी: पंचगंगेकाठच्या घरांनी जूनआधी करायची तयारी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरात पोराबाळांनाही पाठ असतात, पण आपल्या दारात पाणी किती फुटांना येतं हे बऱ्याच घरांत कुणालाच नेमकं माहीत नसतं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा चिखली-आंबेवाडी, जिथे राहता तिथल्या जुन्या माणसांना विचारा आणि तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. निघायचं ते त्याच्या दोन-तीन फूट आधी.

तयारी दोन ठिकाणी विभागायची. पाठीवर न्यायची सॅक वेगळी, वरच्या मजल्यावरचा साठा वेगळा. सगळं एकाच पोत्यात भरलं की ऐनवेळी ते कुणालाच उचलत नाही. सॅक ७-८ किलोच्या वर नको, आणि ती पाठीवरचीच हवी. एका हाताला पोर किंवा म्हातारं माणूस असतं, दुसरा हात दोरीला लागतो.

सर्वात जास्त चूक पाण्यात होते. २०१९ आणि २०२१ ला शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं बुडाली आणि ज्यांच्या घरात पुराचा थेंब आला नाही त्यांचेही नळ कोरडे पडले. म्हणून ही तयारी नदीपासून लांब राहणाऱ्यांनीही करावी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे जवळपास अडीच कॅन. तीन भरून ठेवा. इशारा पातळीची बातमी आली की लगेच भरायचे. सॅकमध्ये माणशी एक लिटरची बाटली पुरे.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो, पण जंतू मरत नाहीत. निवळलेलं वरचं पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळून उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गाळ तसाच ठेवून गोळी टाकली तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं.

खायला न शिजवता चालेल तेच घ्या: चिरमुरे, डाळे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. फरसाण नको, तहान वाढते, आणि तेलाला वासही लवकर येतो.

औषधं नेहमीची असतील ती किमान सात दिवसांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. ओआरएसची १० पाकिटं, पट्ट्या, जंतुनाशक मलम, सॅनिटरी पॅड. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरणं टाळाच. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका असतो. उतरावंच लागलं तर बंद बूट घाला, चप्पल चिखलात अडकून राहते.

आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, विम्याची कागदं झिपच्या दोन पिशव्यांत, एकीत एक. मोबाइलमध्ये फोटो हवेतच, पण मोबाइल बंद पडतो हेही धरून चाला. टॉवरची बॅटरी संपली की यूपीआयही चालत नाही, तेव्हा १०, २०, ५० आणि १०० च्या नोटा मिळून दोन-तीन हजार रोख असू द्या. बॅटरी (टॉर्च), १०,००० एमएएचची पॉवर बँक, सेलवरचा रेडिओ, शिट्टी, १५ मीटर नायलॉन दोरी. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर कागदावर लिहून ठेवा.

निघताना मेन स्विच बंद करा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर उभाच बांधा. तो पाण्यावर तरंगतो, सुटला की भिंतींवर आपटत फिरतो. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पंचनाम्याला उपयोगी पडतात. गोठ्यातली जनावरं आधीच उंचावर हलवा. तेवढा वेळ उरला नसेल तर निदान दावी सोडा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सॅक उघडून औषधांच्या तारखा बघा आणि शेंगदाणे बदला. बॅटरीत सेल घालून ठेवू नका. ते पाझरले की पत्री गंजते आणि नवे सेल घालूनही दिवा लागत नाही.